कोल्हापूरहून प्राणीसंग्रहालय बघायला जाताय? मग गोठ्यातली चप्पल घरीच का ठेवायची?

सुट्टी लागली की कोल्हापूरच्या घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो: पोरांना वाघ-सिंह दाखवायला कुठं न्यायचं? शहरात न्यू पॅलेस आहे. तिथल्या वस्तुसंग्रहालयात संस्थानकाळातल्या शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी आहेत, आवारात हरणंही दिसतात. पण जिवंत वाघ बघायचा तर गाडी महामार्गाला लावावी लागते. उत्तरेला पुण्याचं कात्रज आणि दक्षिणेला बेळगावच्या अलीकडचं भूतरामनहट्टी.

२०२५ मध्ये या दोन्ही ठिकाणांहून वाईट बातम्या आल्या. सहलीचा बेत आखणाऱ्या कुटुंबांनी, त्यातही घरी दुभती जनावरं असलेल्यांनी, त्या नीट समजून घ्यायला हव्यात.

नेमकं काय घडलं?

जुलै २०२५ मध्ये कात्रजच्या राजीव गांधी प्राणीसंग्रहालयात काही दिवसांत १६ चितळं दगावली. तपासणीत कारण समोर आलं, लाळ्या खुरकत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये भूतरामनहट्टीच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालयात ३१ काळविटांचा मृत्यू झाला. तिथं कारण होतं घटसर्प.

ही दोन्ही नावं कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही दूध उत्पादकाला नवी नाहीत. पावसाळ्याआधी घटसर्पाची लस आणि ठरावीक काळाने लाळ्या खुरकतीची लस, हे गावोगावच्या गोठ्यांचं वेळापत्रकच आहे. म्हणजे जे रोग गाई-म्हशींना होतात, त्यांनीच कुंपणाआडच्या हरणांचा बळी घेतला.

गोठ्यातला रोग पिंजऱ्यात कसा पोहोचतो?

लाळ्या खुरकत हा विषाणूजन्य रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होतो. गाय, म्हैस, शेळी, डुक्कर आणि हरीण हे सगळे त्यात आले. आजारी जनावराची लाळ, दूध, शेण यातून विषाणू बाहेर पडतो. तो चाऱ्यातून, गाडीच्या चाकांना लागून, माणसाच्या कपड्यांवरून आणि चपला-बुटांवरूनही पुढे जाऊ शकतो. माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. म्हणूनच आपण तो वाहून नेतोय हे कळतही नाही.

घटसर्पाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे जिवाणू निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या घशातही असू शकतात. हवामान बदललं, दमटपणा वाढला किंवा जनावरावर ताण आला की रोग उसळतो. मग एक-दोन दिवसांतही जनावर हातचं जातं.

मग हरणांना लस का देत नाहीत?

गाईला दाव्याला बांधून सुई टोचता येते. हरणाला पकडावं लागतं आणि पकडताना बसलेल्या धक्क्यानेही ते दगावू शकतं. त्यात एका कुंपणात मोठा कळप असला तर एकाचा रोग साऱ्यांचा व्हायला वेळ लागत नाही. जंगलात कळप पांगू शकतो, बंदिस्त जागेत ती सोय नाही.

त्यामुळे खरा भर रोग आत येऊ न देण्यावर असतो: चाऱ्याची तपासणी, निर्जंतुक द्रावणातून जाणारी चाकं आणि पाय, नव्या प्राण्याला काही काळ वेगळं ठेवणं. हे काम व्यवस्थापनाचं. पण फाटकातून रोज आत जाणाऱ्या गर्दीचाही त्यात वाटा आहे.

जुन्या बागांचं काय शिकायचं?

पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. त्याच परिसरात १९५३ मध्ये पेशवे पार्क सुरू झालं. मुंबईची राणीची बाग तर १८६२ पासून लोकांसाठी खुली आहे. तेव्हा प्राणी म्हणजे करमणूक होती. शेंगदाणे टाकायचे, आरोळी ठोकायची, हेच चालायचं. पेशवे पार्कातले प्राणी पुढे कात्रजच्या मोठ्या जागेत गेले, पण प्रेक्षकांच्या सवयी अजून पुरत्या बदललेल्या नाहीत.

कायदा मात्र बदलला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे नुसार प्राणीसंग्रहालयात प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं आणि कचरा टाकणं हे गुन्हे आहेत.

जाण्याआधी काय करायचं?

- गोठ्यात किंवा शेजारच्या गोठ्यात लाळ्या खुरकत असेल तर सहल पुढे ढकला.
- धारेला, शेणाला वापरलेली चप्पल घरी ठेवा. धुतलेले कपडे आणि स्वच्छ पादत्राणं घाला.
- वैरण वाहिलेली गाडी नेणार असाल तर चाकं आणि हौदा धुऊन घ्या.
- फाटकावर पाय बुडवायचं द्रावण असेल तर उडी मारून टाळू नका.
- सुट्टीचा दिवस आधी विचारा. कात्रज बुधवारी बंद असतं. साथीच्या काळात काही भागही बंद ठेवले जातात.
- परत आल्यावर गोठ्यात शिरण्याआधी पादत्राणं बदला. रोगाची वाट दोन्ही बाजूंनी चालते.

शेवटचा मुद्दा विसरू नका. कोल्हापुरात दुधाच्या पैशावर कित्येक घरं चालतात. तिथं हरणांना जपणं आणि आपली म्हैस जपणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.