उद्घोषणा कोणासाठी?

एका मोठ्या जंक्शनवर आम्ही गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर सातपुड्याकडील एक कुटुंब होते : म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन लहान मुले. गाठोडी बांधलेली, तिकिटे मुलाच्या मुठीत. इतक्यात उद्घोषणा झाली की, गाडी आज दुसऱ्या फलाटावर येईल. उद्घोषणा तीन भाषांत झाली. परंतु त्यांपैकी एकही त्या कुटुंबाच्या घरातली नव्हती. जो तो पुलाकडे धावला, आम्हीही धावलो. जागा मिळाल्यावर खिडकीतून पाहतो तो ते कुटुंब त्याच बाकावर निश्चिंत बसलेले! गाडी हलली. त्यांची चूक कोणती? त्यांनी पैसे भरले होते, ते वेळेपूर्वी आले होते, सांगितल्या जागी बसले होते. चूक आमचीच, जाता जाता त्यांना हाताने खुणावणेदेखील आम्हांस सुचले नाही.

असो. त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे : उद्घोषणा असते कोणासाठी?

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे स्थानक पुष्कळांस ठाऊक असेल. 1960 साली महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा सीमा बरोबर ह्या स्थानकातून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. आणि एक बाक तर असा की, त्यावर बसणाऱ्या दोघांपैकी एक ह्या राज्यात व दुसरा त्या राज्यात! तेथे हिंदी, इंग्रजी, मराठी व गुजराती अशा चार भाषांतून उद्घोषणा होते. ही व्यवस्था स्तुत्य आहे. तिच्याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. पण ह्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार शंभरांपैकी सुमारे 69 लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि नवापूरच्या आसपास घरोघर मावची बोलली जाते. त्या चौघींत मावची नाही. दोन्ही राज्यांचा मान राखला गेला. ज्या मातीवर स्थानक उभे आहे, तिची बोली मात्र बाहेर राहिली.

कोणी म्हणेल, ‘बोली अनेक, सर्वांतून सांगत बसल्यास उद्घोषणा संपण्यापूर्वी गाडी निघून जाईल.’ आक्षेप वाजवी आहे. परंतु प्रत्येक ठिकाणी प्रत्येक बोली असावी असे आमचे म्हणणेच नाही. जेथे जी बोलणारे उतारू पुष्कळ, तेथे ती असावी, एवढेच. झारखंड व पश्चिम बंगाल येथील काही स्थानकांच्या पाट्यांवर संताळी भाषेतील नाव ओल चिकी लिपीत झळकते. ही लिपी रघुनाथ मुर्मू यांनी 1925 साली तयार केली, आणि 2003 च्या घटनादुरुस्तीने संताळीला आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. भिली बोली बोलणारे 2011 च्या गणनेत एक कोटीहून अधिक भरले. तरी त्या परिशिष्टात भिली नाही. पण फलाटाचा क्रमांक सांगण्यासाठी परिशिष्टाची वाट कशाला पाहावी?

कोणी म्हणेल, ‘त्यांनी मराठी शिकावी.’ अवश्य शिकावी. आम्ही तर ती शिकविण्यातच आयुष्य वेचीत आहो. पण सत्तरीची आजी मराठी शिकेपर्यंत गाडी थांबणार आहे काय? ज्याला वाचता येते, त्याला पाटी आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याला केवळ कानाचा आधार. तोच आपण काढून घेतला, तर त्याने जावे कोठे?

शिवाय हे काम फार खर्चाचे नाही. स्थानकावरील आवाज बहुधा आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. अंक, गावांची नावे आणि ‘येत आहे’, ‘उशिरा धावत आहे’ अशी ठरावीक वाक्ये वेगवेगळी नोंदवून ती यंत्राने जोडतात. ह्यास्तव नव्या बोलीसाठी मोजकेच शब्द एकदा नोंदवावे लागतील. आणि आवाजाला लिपी लागत नाही. जेथे आवाज पोहोचत नाही, तेथे चित्र उपयोगी पडते. मेक्सिको शहरात 1969 साली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा निरक्षरांसही ओळखता यावे म्हणून प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र चित्र दिले गेले. एका स्थानकाची खूण तर नाकतोडा आहे! आपल्या एस.टी. थांब्यांवर दवाखाना, बाजार, कचेरी यांची चित्रे काढणे काय कठीण आहे?

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी एक बोली आहे आणि शाळेत दुसरी. आपली घरची बोली चारचौघांत बोलण्याची काहींना लाज वाटते, हे आम्ही पाहिले आहे. ती लाज टाका. ‘गाडी’, ‘पूल’, ‘डावीकडे’, ‘शेवटची बस’ यांना तुमची आजी काय म्हणते, ते वहीत उतरवून ठेवा. उद्या कोणी उद्घोषणा तयार करू म्हटले, तर ती वहीच कामी येईल. आणि पालकहो, आपले मूल फलाटावर एखाद्या अनोळखी म्हातारीला तिच्या बोलीत वाट सांगू लागले, तर घाईने त्याचा हात ओढू नका.

आमच्याने त्या दिवशी जे झाले नाही, ते त्याच्या हातून होत असेल.