पोळी बंद, दूध बंद... आणि मग मुलाने खायचं काय?

मध्यंतरी एक आई-वडील पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले. ऑटिझमचं निदान होऊन तीन महिने झाले होते. फाईलमध्ये कुणीतरी दिलेली छापील यादी होती: गहू बंद, दूध बंद, साखर बंद. मी विचारलं, "तो सध्या खातो काय?" आईने बोटांवर मोजलं. दहीभात, पोळी, एकाच कंपनीचं बिस्किट, केळं आणि दूध. यादीप्रमाणे उरत होतं केळं आणि कोरडा भात. यादी सुरू करून तीन आठवडे झाले होते आणि वजन दीड किलोने उतरलं होतं.

ही यादी आली कुठून, ते सांगतो. गव्हातल्या ग्लुटेनचं आणि दुधातल्या केसीनचं पचन अर्धवट होतं, त्यातून अफूसारखे पदार्थ तयार होऊन मेंदूवर परिणाम करतात, अशी कल्पना 1979च्या सुमारास पुढे आली. कल्पना वेडगळ नव्हती, म्हणून ती तपासली गेली. पण पुढे अधिक अचूक तंत्राने ऑटिझम असलेल्या मुलांच्या लघवीची तपासणी केली, तेव्हा हे पदार्थ सापडले नाहीत. 2016 साली अमेरिकेत रॉचेस्टरला एक छोटा पण नेटका अभ्यास प्रसिद्ध झाला. पथ्यावर असलेल्या 14 मुलांना कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, तर कधी यातलं काहीच नसलेला खाऊ दिला. कोणत्या दिवशी काय दिलं हे पालकांनाही ठाऊक नव्हतं. वागणं, झोप, पोट, कशातच ठरावीक फरक दिसला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने तर 2013 सालीच सांगितलं आहे की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी हे पथ्य देऊ नका.

"पण डॉक्टर, आमच्या ओळखीतल्या मुलाला फरक पडला!" पडलाही असेल. त्याच महिन्यांत स्पीच थेरपी सुरू झालेली असते, मूल वाढत असतं, आणि एवढे कष्ट घेतल्यावर आपली नजरही फरक शोधत असते. कधी कारण अगदी साधं असतं. दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाला बद्धकोष्ठ होतं, दूध कमी केल्यावर पोट मोकळं होतं, पोट दुखायचं थांबलं की चिडचिडही कमी होते. तो फायदा खराच आहे, पण त्यासाठी दूध बेताचं करणं पुरतं.

माझा राग पथ्यावर नाही, ते सरसकट वाटण्यावर आहे. या मुलांना चव, वास, स्पर्श फार तीव्रतेने जाणवतात, म्हणून मोजकेच पदार्थ त्यांना चालतात. त्यातले दोन काढले की तिसरा आपोआप येत नाही. फळं-भाज्या अजिबात न खाणाऱ्या अशा मुलांना आजही स्कर्व्ही झालेला डॉक्टरांनी पाहिला आहे. मूल चालायला नकार देतं आणि सगळ्यांना वाटतं, हा ऑटिझमचाच हट्ट!

तुम्ही गहू बंद करण्याच्या विचारात असाल, तर आधी सिलियाक आजाराची रक्ततपासणी करून घ्या. गहू खाणं चालू असतानाच ती करायची, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. सिलियाक निघाला तर गहू आयुष्यभर बंद, त्यात तडजोड नाही. 'फूड इनटॉलरन्स'च्या महागड्या आयजीजी तपासण्यांवर मात्र पैसे घालवू नका. त्यात दिसतं ते बहुधा एवढंच, की मूल तो पदार्थ खात आलं आहे.

तरीही करून पाहायचंच असेल, तर आहारतज्ज्ञांना सोबत घ्या, एका वेळी एकच गोष्ट काढा, मुदत ठरवा आणि आठवड्याला वजन करा. महागडी पाकिटं नकोत, ज्वारी, बाजरी, नाचणी घरात असतेच. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेवढं बघा. दूध काढलंत तर कॅल्शियमचं काय, हे त्याच दिवशी विचारा.

त्या मुलाचं दही आम्ही त्याच संध्याकाळी परत सुरू केलं. आता त्याच्या ताटात रोज पोळीशेजारी भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवतात. अजून त्याने तो खाल्लेला नाही, पण परवा पहिल्यांदाच हातात घेऊन हुंगला, असं आई सांगत होती.