पणजीचं आडनाव काय?

बालमित्रांनो,

परवा वर्गात मी एक प्रश्न विचारला. "आपल्या पणजोबांचं नाव कोणाकोणाला माहीत आहे?" बरेच हात वर आले. मग मी म्हटलं, "छान! आता पणजीचं माहेरचं आडनाव सांगा बघू." सगळे हात भराभर खाली गेले. एक चिमुरडी तर म्हणाली, "बाई, पणजीला पण माहेर होतं?" वर्ग हसला, मीही हसले. पण घरी जाताना आठवलं, की माझ्या पणजीचं माहेर मलासुद्धा ठाऊक नाही!

म्हणून आज तुम्हाला एका अशा देशात नेणार आहे, जिथे पणजीचं माहेर कागदावर सापडतं. तो देश म्हणजे स्कॉटलंड. इंग्लंडच्या उत्तरेला, डोंगरांचा आणि तळ्यांचा. तिथून लाखो माणसं कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज विचारतात, "आपण मूळचे कुठले?" आणि शोधाला लागतात.

हा शोध करतात कसा? पहिली पायरी कागदांची नाही, माणसांची. आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं. आजी, आत्या, मामा, जे असतील ते. जुने फोटो काढायचे, मागे काही लिहिलंय का बघायचं. आणि गोष्टी ऐकायच्या.

गोष्ट अगदी अशक्य वाटली तरी लिहून ठेवायची बरं का! समजा, एखादी आजी म्हणाली, "आपलं आडनाव खरं हे नाहीच." तर नातवंडं हसतील. पण स्कॉटलंडमध्ये मॅक्‌ग्रेगर नावाचं एक घराणं होतं. १६०३ साली राजाने त्यांच्या आडनावावरच बंदी घातली! ते नाव लावणं हाच गुन्हा. मग कोणी ग्रँट झालं, कोणी कॅम्पबेल, कोणी ड्रमंड. बंदी मध्ये उठली, पुन्हा आली आणि कायमची उठली ती १७७४ साली. म्हणजे आजीची गोष्ट खरी असूही शकते!

उलटही होतं. "आपण अमुक सरदाराच्या रक्ताचे," असं पुष्कळ घरांत सांगतात. पण तिथल्या डोंगरी भागात सरदाराच्या आश्रयाने राहणारे साधे शेतकरीही त्याचंच आडनाव लावत. आडनाव एक म्हणजे रक्त एक, असं नाही. म्हणून दुसरी पायरी, कागद.

स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून प्रत्येक जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. गंमत म्हणजे पहिल्या वर्षी इतकी माहिती विचारली, की नोंद करणारे कारकून थकून गेले! बाळाच्या जन्मनोंदीत आईवडिलांची वयं, त्यांची जन्मगावं, लग्न कधी नि कुठे झालं, आधीची मुलं किती, सगळं. पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. पण एक गोष्ट ठेवली, ती म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. म्हातारं माणूस वारलं तरी त्याच्या मृत्यूच्या नोंदीत वडिलांच्या नावाबरोबर आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट. तिथल्या पुष्कळ जुन्या थडग्यांवरसुद्धा बायकोचं नाव माहेरच्या आडनावाने कोरलेलं दिसतं. एका मृत्यूच्या नोंदीवरून आणखी एक पिढी मागे जाता येतं ते असं.

मग जनगणना. १८४१ पासून तिच्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे. पण सांभाळून! त्या वर्षी १५ वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत, खाली उतरवून लिहायचं, असं ठरलं होतं. मग ३८ वर्षांच्या माणसापुढे काय लिहिलं असेल? बरोबर, ३५. कागदसुद्धा असा चुकवतो.

१८५५ च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. त्यातली सर्वांत जुनी १५५३ सालची. त्यांत बहुधा बाळाच्या जन्माची नव्हे, तर बाप्तिस्म्याची, म्हणजे चर्चमध्ये नाव ठेवल्याची तारीख असते. १७८३ ते १७९४ या काळात तर प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. गरिबांना तो कुठला परवडणार? त्यांनी नोंदच केली नाही. वहीत नाव नाही, म्हणजे माणूस नव्हताच असं नाही, हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या ओळखीचं एक उदाहरण देते. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ आठवतो? साताऱ्याला रेसिडेंट होता तो. तो स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावचा, जन्म १७८९. पण त्या गावच्या वहीत 'डफ' आडनावाचं बाळ शोधाल तर फसाल. कारण त्याचे वडील ग्रँट. आईकडच्या घराण्याची जमीन त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने 'डफ' हे नाव जोडलं. पुढे १८५० मध्ये बायकोला तिच्या आईकडची जमीन मिळाली, तेव्हा 'कनिंगहॅम' हेही जोडलं! आईचं आणि सासूचं घराणं माहीत नसेल, तर या एका माणसाचा माग लागणारच नाही.

आणखी एक. स्कॉटलंडमध्ये रीत अशी, की थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव आणि थोरल्या मुलीला आईच्या आईचं. सगळेच पाळत नसत. ग्रँट डफच्या मुलाचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. ओळखीचं वाटतं ना? मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन, त्यांचंच नाव! त्यांच्याच हाताखाली ग्रँट डफ इथे वाढला होता. मुलाच्या नावातसुद्धा एक जुना स्नेह जपला गेला. हा मुलगा पुढे १८८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.

आता आपल्याकडे वळू या. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांत घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. पण पुष्कळ वंशावळींत मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, एवढंच. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, कित्येकदा पाळण्यातलं नावही बदलतं. मग तिला शोधायचं कसं? १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आईचं नाव लावायचं, असं सरकारने ठरवलं. चांगलं झालं. पण आपल्या पणज्यांचं काय? त्यांची नावं आता फक्त आजी-आजोबांच्या आठवणीत आहेत. आणि आठवणींची दुसरी प्रत नसते.

म्हणून हा रविवारचा अभ्यास. एक वही घ्या. आजीजवळ बसा आणि विचारा : तुझं पाळण्यातलं नाव काय? माहेरचं आडनाव काय, गाव कुठलं? तुझ्या आईचं माहेर कुठलं? उत्तरं तिच्याच शब्दांत लिहा. खाली कोणी सांगितलं ते आणि तारीख लिहायला विसरू नका. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, खोडू नका.

आणि आईबाबांनो, आजी गावाला असेल तर मुलांना तेवढा फोन लावून द्या.

मी माझ्या आत्याला कालच फोन केला. ८१ वर्षांची आहे. आधी म्हणाली, "कशाला गं हे आता?" मग अर्धा तास बोलत राहिली. माझ्या पणजीचं पाळण्यातलं नाव होतं यमुना. आडनाव तिला आठवेना. पण गाव आठवलं.

चला, एक पायरी तरी चढले. तुम्ही किती चढलात, ते मला कळवा हं!

तुमची,
बाई