नाट्यशाळेचे वारस कोण?

गणेशोत्सव जवळ आला की परप्रांतातील बहुतेक महाराष्ट्र मंडळांच्या बैठकीत एक ठराविक प्रश्न निघतो आणि त्याला एक ठराविक उत्तर मिळते. यंदा कार्यक्रम कोणता आणावयाचा, हा तो प्रश्न. आणि मुंबई-पुण्याकडून परवडेल तो आणावा, हे त्याचे उत्तर. वाद्यवृंद मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास दूरचित्रवाणीवर चेहरा दिसलेला कोणी नट असला तरी भागते. या प्रश्नातील क्रियापदाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. कार्यक्रम करावयाचा नसतो, तो आणावयाचा असतो! या क्रियापदाविरुद्धच आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि ते झाशीच्या निमित्ताने लिहावयाचे आहेत. कारण या प्रश्नाचा निकाल त्या गावाच्या इतिहासात सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच लागून गेला आहे.

झाशी म्हटले की आम्हां मराठी माणसांना राणी आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु राणीच्या तेजापुढे तिच्या पतीची एक गोष्ट आम्ही अगदी विसरून गेलो आहोत. गंगाधरराव नेवाळकर हे नाटकाचे विलक्षण शौकीन होते. झाशीत त्यांची स्वतःची नाट्यशाळा होती आणि ते स्वतः स्त्रीभूमिका करीत असत. दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेलेले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये गंगाधररावांच्या स्त्रीवेषाविषयी लिहून ठेवले आहे. पुढील पिढ्यांनी त्यातून एवढेच उचलले की हा राजा चक्रम होता. राज्य सोडून नाटकात रमणारा म्हणून त्याला हसणे सोपे आहे. त्याच्या हातून एका परक्या मुलखात रंगभूमी उभी राहिली होती, ही गोष्ट मात्र आमच्या नाट्येतिहासात तळटीपेपुरतीही क्वचितच येते.

आता त्याच काळातील दुसरे संस्थान पाहा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा राजाश्रय तुटला. वास्तविक त्यांच्या नाटकाने तेथेच मान टाकावयाची. पण भाव्यांनी मंडळी बरोबर घेतली, गावोगाव खेळ केले आणि १८५३ साली मुंबईस तिकीट लावून लोकांसमोर नाटक केले. त्याच १८५३ च्या २१ नोव्हेंबरास झाशीत गंगाधरराव निवर्तले. सांगलीचे नाटक राजवाड्यातून रस्त्यावर आले म्हणून जगले. झाशीचे नाटक राजवाड्यातच राहिले. ते धन्यामागे पोरके झाले, आणि पाच वर्षांनी राज्यही बुडाले. नाटकाचे वेड गंगाधररावांपाशी भाव्यांहून कमी होते असे कोण म्हणेल? उणीव वेडाची नव्हती. एका माणसाच्या आवडीवर उभी असलेली कला त्या माणसाबरोबर जाते, एवढाच याचा अर्थ.

हा अर्थ आम्हां बदलीच्या माणसांना जितका लागू आहे तितका दुसऱ्या कोणालाही नसेल. परप्रांतातील कोणत्याही मंडळाचा इतिहास विचारा. वर्षे कोणी सांगत नाही, साहेबांची नावे सांगतात. अमुक साहेब होते तेव्हा दर वर्षी तीन अंकी नाटक होई. तमुक साहेब आले आणि संगीत नाटकाची लाट आली. मग साहेबांची बदली झाली, आणि रंगवलेले पडदे कोणाच्या तरी गाडीखान्यात उंदरांच्या स्वाधीन झाले. प्रत्येक साहेब हा एक लहानसा गंगाधरराव! त्याच्या हौसेला आम्ही नावे ठेवीत नाही. पण आपल्यामागे हे कोण चालवील, हा प्रश्न त्याने कधी स्वतःस विचारला नाही, हा त्याचा दोष आहे आणि तो आमचाही आहे.

झाशीच्या बाबतीत तर या बदल्यांचा ओघच आता आटत चालला आहे. राज्य गेले तरी झाशीतील मराठी घरे गेली नाहीत. पुढे रेल्वे आली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली, तिचे मुख्यालय मुंबईस, आणि झाशी विभाग तिच्याकडे. भाव्यांच्या नाटकाचा आणि या रेल्वेचा जन्मदिवस एकच निघावा हा योगायोग खरा, पण मोठा सूचक! मुंबईच्या कचेरीशी बांधलेल्या या विभागात मराठी माणूस बदलून येणे स्वाभाविक होते. १ एप्रिल २००३ पासून झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि मुख्यालय अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजेस, झाले. मुंबईहून झाशीस येणारी ती जुनी वाट तेव्हापासून अरुंद झाली. म्हणजे आता साहेबांची वाट पाहत बसणेही व्यर्थ आहे. जी काही रंगभूमी झाशीसारख्या गावी उभी राहावयाची, ती तेथे कायमच्या राहणाऱ्या माणसांच्या बळावरच राहील.

आणि येथेच आमच्या ताठ्याचा प्रश्न येतो. एक प्रसंग सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. असेच उत्तरेकडील एक ठाणे, असाच गणेशोत्सव, आणि एका एकांकिकेची तालीम. आम्ही बदलून आलेली मंडळी प्रमुख भूमिका वाटून बसलो होतो. गावातील एका जुन्या मराठी घरातील तरुणाला चार वाक्यांचे काम दिले होते. पिढ्यान् पिढ्या त्या मुलखात राहिलेले ते घर; त्याची मराठी हिंदीच्या वळणावर गेलेली. तो बोलता बोलता म्हणाला, “मी येऊन राहिलो होतो, तेवढ्यात गाडी सुटली.” एका अधिकाऱ्याने त्याची नक्कल केली आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. तो तरुण दुसऱ्या दिवशी तालमीस आला नाही. पुढे मंडळातही आला नाही. आमचे नाटक झाले, टाळ्या पडल्या, आणि तीन वर्षांत आम्ही सगळे बदलून गेलो. त्या गावात राहिला तो एकटा, ज्याला आम्ही हसून घालविले होते. त्याच्या वाक्यात व्याकरणाची चूक असेल. आमच्या हसण्यात जी चूक होती ती व्याकरणाने सुधारणारी नव्हती.

यावर आमचे सन्मान्य मित्र काय म्हणतील ते आम्ही जाणतो. पहिले म्हणणे असे की, बदलीचा माणूस तीन वर्षांसाठी येतो, त्याने गावात मुळे कशी रुजवावी? आम्ही विचारतो, विष्णुभट गोडसे झाशीत किती वर्षे होते? पोटासाठी बाहेर पडलेला तो एक भिक्षुक. परंतु त्याने डोळे उघडे ठेवले, आणि म्हणून झाशीचे वैभव, तिचा वेढा आणि तिच्या पुस्तकसंग्रहाची झालेली धूळधाण आज आपणांस वाचावयास मिळते. राहण्याचा काळ थोडा असणे ही अडचण आहे, सबब नव्हे. एका नाटकास दीड-दोन महिन्यांची तालीम लागते; तीन वर्षांत तीन नाटके सहज बसतात.

दुसरे म्हणणे असे की, मुलांना मराठी वाचता येत नाही, मग नाटक कोणी करावयाचे? हे म्हणजे पोहता येत नाही म्हणून पाण्यात न उतरण्यासारखे झाले. नाटकाची भाषा मुळात तोंडाने शिकावयाची असते. देवनागरी तर आमच्या मुलांना हिंदीमुळे येतेच. उरतो तो उच्चार आणि सराव. व्याकरणाच्या पुस्तकाने जे होत नाही ते चार वाक्यांच्या भूमिकेने होते, कारण ती वाक्ये पाठ करावी लागतात, दुसऱ्याच्या वाक्याची वाट पाहावी लागते, आणि आजीसमोर म्हणून दाखविण्याचा मोहही होतो.

तिसरे म्हणणे सर्वांत रुबाबदार आहे: हौशी नाटके सुमार होतात, त्यापेक्षा एक चांगले व्यावसायिक नाटक आणावे. अवश्य आणावे! पण मुंबईहून झाशी अकराशे किलोमीटरांहून दूर आहे. नेपथ्याची मालमोटार, नटांचा प्रवास, उतरण्याची सोय, एवढा खर्च करून एक रात्र विकत घ्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशी गावात उरते काय? बिले! हौशी नाटक सुमार झाले तरी गावात दहा नट, एक पेटीवाला, एक रंगभूषा करणारा आणि भांडून का होईना पण एकत्र आलेली वीस घरे उरतात. शिवाय हौशी म्हणजे सुमार, हे समीकरण तरी कोणी सिद्ध केले? इंदूरला बाबा डिके यांनी ‘नाट्यभारती’ उभी केली ती हौशी मंडळींच्याच बळावर, आणि ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते त्या रंगमंचावर रमत. हिंदीत लिहिणारा माणूस मराठी नाटक करतो, यात त्यांना विसंगती वाटली नाही. आम्हांस का वाटावी?

किंबहुना झाशीचे ऋण पाहिले तर हिंदीने आम्हांस लाजविले आहे. गंगाधररावांच्या नाट्यशाळेला आणि तिच्यातील मोतीबाई व जूही यांना लोकांच्या मनात जागा मिळवून दिली ती झाशीच्याच वृंदावनलाल वर्मांनी, १९४६ च्या आपल्या हिंदी कादंबरीत. ‘माझा प्रवास’ हिंदीत नेला तो अमृतलाल नागरांनी. आमच्या नाट्यशाळेची आठवण शेजाऱ्याने जपावी, आणि आम्ही मात्र मंडळाचे दार लावून आतल्या आत लावणी पाहावी, हा कोणता स्वाभिमान? ज्या बुंदेलखंडात स्वांग आहे, राई आहे, ईसुरीच्या फागा घरोघर गायिल्या जातात, तेथे वर्षानुवर्षे राहून आम्ही त्यातले काही पाहिलेही नसेल, तर आमचे नाटक तेथील माणसाने का पाहावे?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. कार्यक्रम आणण्यासाठी जितका निधी, त्याच्या निम्मा तरी स्वतःच्या नाटकासाठी वेगळा काढावा. प्रमुख भूमिका गावात कायम राहणाऱ्यांस द्याव्यात आणि बदलीच्या माणसाने पडदा ओढावा, हिशेब ठेवावा, पात्रांना तोंडी पाठ द्यावे. म्हणजे तो गेला तरी नाटक जाणार नाही. प्रत्येक अंकापूर्वी कथा हिंदीत सांगावी आणि शेजाऱ्यांना पुढील रांगेत बसवावे. आणि आरंभासाठी नाटक शोधीत बसण्याचेही कारण नाही. शिरवाडकरांचे ‘वीज म्हणाली धरतीला’ १९७० पासून आमच्यापाशी आहे. ज्या शहरात १८४२ साली गणेश मंदिरात मणिकर्णिकेचे लग्न लागले, त्या शहरात, तेथीलच मराठी मुलीने ही राणी उभी करावी, आणि तिने ती तिच्या स्वतःच्या, बुंदेली हेल लागलेल्या मराठीत बोलावी. त्या हेलाला जो हसेल त्याला मंडळाने पुढील गणेशोत्सवापर्यंत खुर्च्या मांडण्याचे काम द्यावे. आम्ही ते काम आमच्यापासूनच सुरू करावयास तयार आहोत.