यानाआधी दुर्बीण

अवकाशयान एखाद्या लघुग्रहाजवळून जाते तेव्हा त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकतात, आणि तत्पूर्वी त्या पिंडाविषयी सारा अंधारच होता, असा वाचकाचा सहज समज होतो. हा समज निराधार आहे. इतकेच नव्हे, तर दुर्बिणींच्या वेळेची आणि खर्चाची मंजुरी त्यामुळे मागे पडत असेल, तर तो विज्ञानाला हानिकारकही आहे.

ल्युटेशियाची हकीकत या दृष्टीने मननीय आहे. हर्मान गोल्डश्मिट या चित्रकाराने १८५२ साली पॅरिसमधील आपल्या सज्जातून शोधलेल्या या लघुग्रहाजवळून १० जुलै २०१० रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे रोझेटा यान सुमारे ३,१६० किलोमीटर अंतर राखून, सेकंदाला सुमारे १५ किलोमीटर वेगाने निघून गेले. निरीक्षणाची मुदत अवघ्या काही तासांची होती, आणि त्या काळात लघुग्रहाच्या दक्षिण गोलार्धाचा मोठा भाग अंधारात असल्यामुळे, यानाला तो पुरता दिसणे शक्यच नव्हते.

परंतु ज्योतिर्विदांनी ल्युटेशियाचे दफ्तर फार आधीपासून सिद्ध केले होते. त्याचे तेज कसे कमीअधिक होते, याच्या अनेक दशकांच्या नोंदींवरून तो स्वतःभोवती सुमारे ८ तास १० मिनिटांत फिरतो हे मुक्रर झाले होते. हवाईतील केक आणि चिलीतील व्हीएलटी या महादुर्बिणींनी, वातावरणामुळे प्रतिमेत येणारी विकृती तत्क्षणी दूर करणाऱ्या आरशांच्या साहाय्याने, त्याची आकृती टिपली होती. आणि या दोन्ही पुराव्यांची सांगड घालून त्याचा आकार व अक्षाची दिशा यान पोचण्यापूर्वीच जाहीर झाली होती. यानाने पडताळा घेतला तेव्हा अक्ष दोन अंशांच्या आत जुळला, लांबीरुंदी काही किलोमीटरांच्या फरकाने जुळली. जाडीचा अंदाज मात्र जास्त ठरला. पुढे न दिसलेल्या भागाचा आकार दुर्बिणींच्याच निरीक्षणांवरून भरून घेण्यात आला, तेव्हा कोठे घनफळ हाती आले, आणि घनफळ व यानाने मोजलेले वस्तुमान यांच्या आधारे घनता पाण्याच्या सुमारे ३.४ पट ठरली.

यान जाणारच असेल तर दुर्बिणींचा मौल्यवान वेळ कशाला दवडावा, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर असे की, ज्ञात लघुग्रह तेरा लाखांहून अधिक असून, ज्यांच्याजवळ यान पोचले असे जेमतेम वीसेक आहेत. उरलेल्यांविषयी आपल्याला जे कळेल ते दुर्बिणीनेच कळेल, आणि दुर्बिणीच्या निष्कर्षांवर किती विसंबावे हे ठरविण्याची संधी अशा भेटीतच मिळते. मात्र त्यासाठी अनुमान आधी लेखी नोंदविलेले असले पाहिजे. यानाचे चित्र पाहिल्यानंतर मांडलेल्या अनुमानाला साक्ष म्हणून काही मोल नाही.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह भूपृष्ठापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे, आणि त्याच्याकडे यान पाठविण्याच्या योजना आखल्या गेल्या आहेत. अशा प्रत्येक मोहिमेच्या अंदाजपत्रकात भूमीवरील निरीक्षणांची तजवीज यानाच्या इंधनाइतकीच अनिवार्य बाब म्हणून आरंभापासून असावी. ती वेधशाळांच्या उरल्यासुरल्या रात्रींवर सोडणे म्हणजे अपार खर्चाने मिळविलेल्या त्या थोड्या तासांचे अर्धे फळ स्वहस्ते गमावणे होय.