पडलेला भाव आणि घरांतील शेअर

सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर एका दिवसांत पांचव्या हिश्शानें उतरला, कीं एकत्र कुटुंबांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, 'विकून मोकळे व्हा'. तरुण म्हणतात, 'घेतलेला भाव येईपर्यंत थांबूं.' आमच्या मतें दोघेहि भावाकडेच पाहतात, धंद्याकडे नाहीं. आपण कोणत्या भावानें घेतला, याची कंपनीला खबरहि नसते !

७ जानेवारी २००९ रोजीं 'सत्यम्'च्या अध्यक्षांनीं हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि शेअर त्याच दिवशीं तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. जेथें चोपडीच खोटी, तेथें थांबावयाचें कशाच्या आधारावर ? उलट, १९८१ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या 'इन्फोसिस'चा शेअर १२ एप्रिल २०१३ रोजीं सुमारें २१ टक्के पडला, तो वाढीचा अंदाज अपेक्षेहून कमी, ६ ते १० टक्क्यांचा, निघाला म्हणून. कर्ज नव्हतें, नफा चालू होता. वर्षअखेरीस भाव पूर्वीच्याहि वर गेला; हें आधींच दिसत होतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

तेव्हां प्रश्न असा करावा : हातीं हा शेअर नसता, तर आजच्या भावानें तो घेतला असता काय ? दोन वर्षांत मुलांच्या शिक्षणास लागणारी रक्कम मात्र कोणत्याहि उत्तरानें तेथें ठेवूं नये. आणि खातें सासूबाईंच्या नांवें असेल, तर सल्लामसलतींत त्यांनाहि बसवावें. नुसत्या सहीपुरतें बोलावूं नये.