आधी गप्प बसून ऐका

दर खेपेला आम्ही व्यवस्थेला शिव्या घालतो. या खेपेला पहिली शिवी मलाच.

माझा एक गाववाला इंजिनिअरिंगला लागला. पहिल्याच आठवड्यात पोरांनी रँक विचारली. रँक म्हणजे जातच विचारली, दुसरं काय! रात्री त्याचा फोन यायचा : झोप लागत नाय, जेवण जात नाय. मी गोदीतून दमून आलेला, तोंडात घोषणा तयार. म्हटलं, "रडतोस काय साल्या, लढ!" त्यानं फोन ठेवला. पुढं कॉलेजच सोडलं. आता भेटतो, हसतो, पण मला काही सांगत नाय.

रोहित वेमुला गेला १७ जानेवारी २०१६ ला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला. दर्शन सोळंकी १२ फेब्रुवारी २०२३ ला. आपण मोर्चे काढले, काढायलाच हवेत. पण मोर्चा माणूस गेल्यावर निघतो. त्याआधीच्या रात्री शेजारच्या खाटेवर कोण असतं? मास्तर नाय, डॉक्टर नाय. दोस्त असतो, आणि त्याला काय करावं ते ठाऊक नसतं.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं शिकलेला समुपदेशक हवा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. ठीक. पण खाटेशेजारच्या पोरापोरींनाही हे शिकवा ना! तोंड मिटून ऐकायचं. "मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारायचं, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. जिवाचा प्रश्न असेल तर "कुणाला सांगणार नाही" असा शब्द द्यायचा नाही. एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडं सोबत जायचं. स्वतः डॉक्टर व्हायचं नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर रात्रंदिवस, फुकट, मराठीतही बोलतो. आणि ऐकणाराही माणूसच, त्याचं ऐकायलाही कुणी पायजे.

फक्त अपमानानं पोळलेल्याला नुसता श्वास मोजायला लावू नका. त्याच्यासोबत बसून तक्रार लिहा, द्यायला सोबत जा. जात हा त्याच्या डोक्यातला आजार नव्हे. पण जातीनं त्याची झोप उडवलीय, त्याला औषधपाणी लागेल, हेही खरंच. हे म्हणायला आपल्या चळवळीतली माणसं लाजतात. मीही लाजायचो.

वसतिगृहातल्या साथींनी पुढल्या अंकाच्या आत दोन पोरं, दोन पोरी निवडाव्यात, सरकारी इस्पितळातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरला गाठून शिकून घ्यावं. मी या सुट्टीत गाववाल्याकडं चाललोय. बोलणार तो.